मेनमधले मीठ, न्यू जर्सीतला बर्फ : जोन्स कायद्याचा एक प्रकरण अभ्यास

फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याकडचे रस्त्यांवर टाकायचे मीठ संपत आले. शोधाशोध केल्यावर ते सापडलेही. मेन राज्यातल्या सिअर्सपोर्ट बंदरात सुमारे ४०,००० टन मीठ पडून होते. ते सगळे एका खेपेत उचलू शकेल असे मालवाहू जहाजही त्याच बंदरात होते, आणि अधिकाऱ्यांच्या तेव्हाच्या सांगण्यानुसार ते पुढे न्यू जर्सीतल्या नेवार्क बंदराकडेच यायचे होते. तरीही त्या जहाजातून एक टनसुद्धा मीठ आले नाही. जहाजावर परदेशी झेंडा होता, म्हणजे त्याची नोंदणी परदेशात होती, एवढेच कारण.

प्रकरण जाहीर आहे, वर्तमानपत्रांत गाजलेले आहे, तेव्हा राज्याचे नाव लपवण्यात अर्थ नाही. अधिकारी, मीठ पुरवणारी कंपनी आणि ते जहाज यांची नावे मात्र मी घेत नाही. त्यांच्या जागी दुसरे कोणीही असते तरी घटना याच क्रमाने घडल्या असत्या.

पार्श्वभूमी : कायदा कुठून आला

अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या अमेरिकन बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकेत नोंदलेले, किमान तीन चतुर्थांश अमेरिकन मालकीचे आणि बहुतांशी अमेरिकन खलाशांनी चालवलेले असले पाहिजे. १९२० च्या व्यापारी नौवहन कायद्याचे हे २७ वे कलम. वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर वेस्ली जोन्स यांच्या नावावरून त्याला जोन्स कायदा म्हणतात. कलम मोडले तर माल जप्त होतो किंवा मालाच्या किमतीइतका दंड बसू शकतो.

किनारी वाहतूक परक्यांना बंद ठेवणे ही कल्पना जोन्स यांची नव्हे. अमेरिकेने १८१७ मध्येच तसा कायदा केला होता. पहिल्या महायुद्धात युरोपीय देशांनी आपापली जहाजे युद्धकामाला ओढून घेतली आणि अमेरिकेचा माल गोद्यांवर अडकला. ती भीती खरी होती आणि १९२० च्या कायद्यामागे ती होतीच. पण सोबत वॉशिंग्टन राज्यातल्या सिअॅटल बंदराचा धंदाही होता. अलास्काचा माल कॅनडाच्या रेल्वेने आणि व्हँकुव्हरमार्गे येऊ नये, तो सिअॅटलमधूनच यावा-जावा, असे तिथल्या व्यापाऱ्यांना वाटत होते आणि जोन्स त्यांचेच प्रतिनिधी होते. अलास्काने याविरुद्ध दाद मागितली. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : एका राज्याच्या बंदरांना दुसऱ्या राज्याच्या बंदरांपेक्षा झुकते माप देऊ नये असे राज्यघटना म्हणते खरी, पण अलास्का तेव्हा राज्य नव्हते, केवळ प्रदेश होता.

राष्ट्रसंरक्षणाचे कारण आणि स्थानिक धंद्याचा स्वार्थ एकाच कलमात असे एकजीव झाले की नंतर ते वेगळे करणे कोणालाच जमले नाही. पुढे २०१४ मध्ये जे झाले ते समजायला हा धागा हातात हवा.

त्या हिवाळ्यातली परिस्थिती

ज्यांनी बर्फाळ प्रदेशातला रस्ता पाहिला नाही त्यांना मिठाचे महत्त्व चटकन कळणार नाही. पाण्यात मीठ मिसळले की ते शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही. वादळ यायच्या आधी ट्रकच्या मागच्या टाकीतून जाड्या मिठाचे खडे एका फिरत्या चकतीवर पडतात आणि ती चकती ते रस्ताभर उडवते. खडे जागेवर बसावेत, गाड्यांच्या चाकांनी उडून कडेला जाऊ नयेत, म्हणून बरेचदा ते मिठाच्या पाण्याने ओले करूनच टाकतात. बर्फाची चादर रस्त्याला चिकटायच्या आत मीठ खाली पडलेले असेल तर पुढे बर्फ खरवडायचे पाते लावलेला ट्रक ती सहज उचलतो. उशीर झाला, तर चिकटलेल्या बर्फावर दुप्पट मीठ लागते. उणे नऊ-दहा अंशांखाली साधे मीठ फारसे चालतही नाही. त्यामुळे दोन आठवड्यांनी आलेले मीठ म्हणजे त्या दोन आठवड्यांत न आलेले मीठ.

२०१३-१४ च्या हिवाळ्यात ईशान्य अमेरिकेवर एकामागून एक वादळे आली. २ फेब्रुवारीला न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या मैदानात सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, पार पडला आणि दुसऱ्याच दिवशी हिमवादळ येऊन धडकले. त्यानंतरही वादळांची रांग थांबली नाही. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राज्याने आदल्या अख्ख्या हिवाळ्यापेक्षा जास्त मीठ वापरले होते. शेजारची राज्येही त्याच रांगेत उभी असल्याने पुरवठादारांकडे शिल्लक नव्हती.

अडचण

सिअर्सपोर्ट ते नेवार्क हा मालवाहू जहाजासाठी साधारण दोन दिवसांचा प्रवास. राज्याला मीठ मिळाले होते, उतरवून घ्यायला बंदर तयार होते, जहाज समोर होते. अडले ते एकाच गोष्टीवर : दोन्ही बंदरे अमेरिकेतली.

इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे, कारण या कायद्याचा सगळा विचित्रपणा त्यात आहे. तेच जहाज चिलीतून मीठ भरून थेट नेवार्कला आले असते तर कोणाची हरकत नव्हती. चिलीतून मेनला आले असते तरीही नव्हती. अमेरिकेचा पूर्व किनारा चिलीचे मीठ वर्षानुवर्षे परदेशी जहाजांतून मागवतो. अमेरिकेतच लुईझियानात मोठ्या मिठाच्या खाणी आहेत, पण तिथून समुद्रमार्गे मीठ आणायचे तर अमेरिकन जहाज लागते. परदेशी जहाज दक्षिण अमेरिकेतून हजारो मैल येऊ शकते, मेनमधून न्यू जर्सीला मात्र येऊ शकत नाही. माल मूळचा कुठला आहे याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. तो एका अमेरिकन ठिकाणी चढला आणि दुसऱ्या अमेरिकन ठिकाणी उतरला, एवढे पुरे.

अमेरिकन झेंड्याचे तसलेच जहाज का मिळू नये? कारण ती जवळपास उरलेलीच नाहीत. कायद्याचे समर्थक ४०,००० जहाजांच्या ताफ्याचा आकडा देतात. त्यातला फार मोठा हिस्सा मिसिसिपीसारख्या नद्यांवरच्या बार्ज (स्वतःचे इंजिन नसलेल्या सपाट मालवाहू नावा) आणि त्या ओढणाऱ्या टगबोटींचा आहे. खुल्या समुद्रात चालणारी, जोन्स कायद्यात बसणारी मोठी जहाजे शंभराच्या आसपास आणि त्यात तेलाची व कंटेनरची जास्त. धान्य, कोळसा, मीठ असा सुटा माल समुद्रमार्गे नेणारी जहाजे बोटांवर मोजण्याइतकी. ग्रेट लेक्स या उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरांवर तशी आहेत, पण ती हिवाळ्यात तिथल्या बर्फात अडकलेली असतात.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सूट मागण्याचा. संघीय कायद्यात तशी तरतूद आहे. अंतर्गत सुरक्षा खात्याचे प्रमुख ही सूट देऊ शकतात, पण त्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. सूट राष्ट्रीय संरक्षणासाठी आवश्यक असली पाहिजे, आणि कायद्यात बसणारे अमेरिकन जहाज उपलब्ध नाही असे संघीय सरकारच्या नौवहन प्रशासनाने ठरवले पाहिजे. भाडे परवडत नाही हे कारण चालत नाही. लोकांची गैरसोय होते हेही, नुसते तेवढेच सांगून, चालत नाही.

दुसरा पर्याय अमेरिकन बार्जचा. बार्ज मिळत होती, पण तिच्यात एका वेळी साडेनऊ हजार टनांच्या आसपास मीठ मावत होते. म्हणजे ४०,००० टनांसाठी चारहून जास्त फेऱ्या. टगने ओढायची बार्ज जहाजापेक्षा हळू चालते आणि फेब्रुवारीतल्या उत्तर अटलांटिकमध्ये हवामान पाहूनच तिला निघावे लागते.

तिसरा ट्रकचा. सुमारे सातशे किलोमीटरचा रस्ता. ट्रकमागे पंचवीस टन धरले तर सोळाशे खेपा, त्याही ज्या रस्त्यांवर बर्फ पडतो आहे त्याच रस्त्यांवरून. थोडेसे मीठ असे आणता येते, ४०,००० टन नाही.

चौथा पर्याय बाहेरून पाहणाऱ्याला हमखास सुचतो : शेजारीच कॅनडा आहे, जहाज तिथे टेकवून आणावे. कायदा करणाऱ्यांना हे आधीच सुचले होते. परदेशी बंदरमार्गे केलेली वाहतूकही कलमात स्पष्टपणे धरलेली आहे. कॅनडाच्या रेल्वेमार्गांसाठी एक जुनी पळवाट मात्र कायद्यात आहे. ती वापरून अलास्कातले मासे परदेशी जहाजांतून पनामा कालव्यामार्गे कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या बेसाइडला आणायचे, तिथे जेमतेम शंभर फुटांच्या रुळावर डबा मागे-पुढे न्यायचा आणि मग ट्रकने सरहद्द ओलांडायची, असा उद्योग काही वर्षे चालला होता. २०२१ मध्ये सीमाशुल्क खात्याने त्यावर कोट्यवधी डॉलरच्या दंडाच्या नोटिसा काढल्या. मीठ हा इतक्या कमी किमतीचा माल आहे की असल्या कसरती त्याच्या भावात बसतच नाहीत.

पाचवा पर्याय कमी मिठात भागवण्याचा : वाळू मिसळणे, आधी मोठे रस्ते मग छोटे, मिठाचे पाणी जास्त वापरणे. दरवर्षी सगळी राज्ये हे थोडेफार करतातच.

काय केले

राज्याने सूट मागितली. विनंती राजधानी वॉशिंग्टनला गेली आणि तिथे तिचे काय होते हे प्रश्न कसा विचारला जातो त्यावर अवलंबून होते. न्यू जर्सीचा प्रश्न होता : हे मीठ पुढच्या वादळाआधी पोचवणारे अमेरिकन जहाज आहे का? नौवहन प्रशासनाकडे जाणारा प्रश्न होता : हे मीठ वाहून नेऊ शकणारे अमेरिकन जहाज आहे का? पहिल्याचे उत्तर नाही. दुसऱ्याचे उत्तर होय, बार्ज आहे. सूट मिळाली नाही.

मग बार्ज ठरवली. टप्प्याटप्प्याने मीठ आले. मधल्या काळात राज्याने असलेला साठा पुरवून वापरला. परदेशी जहाज ते मीठ न घेताच गेले.

त्या दिवसांत बराच राग अंतर्गत सुरक्षा खात्यावर निघाला. मला तो अर्धाच पटतो. खात्याने कायदा जसा लिहिला आहे तसाच लागू केला. याआधी २०११ मध्ये लिबियातल्या संघर्षानंतर सरकारने राखीव साठ्यातले तेल बाजारात आणले, तेव्हा ते वाहण्यासाठी परदेशी जहाजांना भराभर सूट दिली गेली होती आणि अमेरिकन जहाजमालकांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, त्यावर रान उठवले होते. तो अनुभव ताजा असताना एका राज्याच्या मिठासाठी कोणी अधिकारी हात सैल सोडेल ही अपेक्षाच चुकीची होती.

निर्णयाचे क्षण

पहिला क्षण मीठ विकत घेतानाचा. सिअर्सपोर्टच्या साठ्याचा सौदा करताना तिथून ते कसे येणार हा प्रश्न त्याच वेळी विचारायला हवा होता. माल कुठे आहे यापेक्षा तो कोणत्या बंदरातून निघणार आहे, देशातल्या की देशाबाहेरच्या, हे जोन्स कायद्याच्या राज्यात जास्त महत्त्वाचे असते. कॅनडातल्या बंदरात तेवढेच मीठ मिळाले असते तर तेच परदेशी जहाज विनाअडथळा नेवार्कला लागले असते.

दुसरा क्षण क्रमाचा. सूट मागायची, उत्तराची वाट पाहायची आणि नकार आल्यावर बार्ज शोधायची, या क्रमात दिवस गळतात. सूट मागणारा अर्ज आणि बार्जचे आरक्षण एकाच सकाळी व्हायला हवे. उलटा युक्तिवाद मला माहीत आहे : बार्ज आरक्षित केली की अमेरिकन जहाज उपलब्ध असल्याचा पुरावा आपणच दिला असे होते आणि सूट मिळायची उरलीसुरली आशा मावळते. हा पेच खरा आहे. कायद्यात उपलब्धतेला वेळेची चौकट नसल्याने तो तयार होतो, आणि असा पेच अधिकाऱ्याला सावकाश चालायला शिकवतो.

तिसरा क्षण राजकीय, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. राज्याची तक्रार जोरदार होती, पण ती मिठापुरती होती. बर्फ वितळला की तिचा जोरही गेला. कायद्याच्या बाजूला मात्र बारमाही उभे असलेले लोक आहेत : जहाजबांधणी कामगार, खलाशांच्या संघटना, टग आणि बार्जचे मालक. त्यांची रोजीरोटी या कलमावर आहे आणि ते अनेक राज्यांत, दोन्ही पक्षांच्या मतदारसंघांत पसरलेले आहेत. दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी कायद्याला पाठिंबा दिला आहे. किंमत मोजणारे लोक संख्येने कितीतरी जास्त, पण प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भार थोडा आणि न दिसणारा. किराणा मालाच्या बिलावर जोन्स कायद्याची वेगळी ओळ छापलेली नसते. ज्यांच्यावर भार जास्त आहे त्यातल्या पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाला काँग्रेसमध्ये मतदान करणारा एकही प्रतिनिधी नाही. शेजारची अमेरिकन व्हर्जिन बेटे या कायद्यातून मोकळी आहेत, पोर्तो रिको नाही.

समर्थकांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. युद्धात रसद न्यायला प्रशिक्षित खलाशी लागतात आणि ते आयत्या वेळी तयार होत नाहीत. दीर्घकाळ चालणाऱ्या मोहिमेत सुमारे १,८०० खलाशी कमी पडतील असे २०१७ च्या सरकारी अहवालात म्हटले होते. पण हाच आकडा मला उलट दिशेलाही बोलताना दिसतो. जवळजवळ शंभर वर्षांच्या संरक्षणानंतरही खलाशी पुरेसे नाहीत, कारण जहाजेच कमी झाली आहेत, आणि जहाजे कमी झाली कारण ती अमेरिकेत बांधणे परवडत नाही. हवाईकडे माल नेणाऱ्या एका कंपनीने २०२२ मध्ये फिलाडेल्फियाच्या गोदीत तीन कंटेनर जहाजे मागवली, तिन्ही मिळून सुमारे १ अब्ज डॉलरना. आशियातल्या गोदीत त्याच आकाराचे जहाज याच्या एका लहानशा हिश्श्यात होते. एवढे महाग जहाज घेतलेला मालक ते जमेल तितकी वर्षे ओढत राहतो, आणि मिठासारख्या स्वस्त मालासाठी तर नवे जहाज कोणी बांधतच नाही.

परिणाम

न्यू जर्सीचा हिवाळा निभावला. रस्ते बंद पडून राज्य ठप्प झाले असे काही घडले नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे; कायद्याच्या विरोधकांनी नंतर प्रकरण थोडे ताणूनच सांगितले.

कायद्यावर परिणाम झाला तो अपेक्षेच्या उलट. जानेवारी २०१५ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी जहाज अमेरिकेतच बांधलेले असावे ही अट काढण्यासाठी दुरुस्ती मांडली. ती पुढे सरकली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानंतर पोर्तो रिकोला दहा दिवसांची सूट मिळाली, तीही बऱ्याच गदारोळानंतर. त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०१८ मध्ये, बॉस्टनजवळच्या एव्हरेटला उतरलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूत रशियातल्या यमालचा वायू निघाला. अमेरिका स्वतः वायू निर्यात करत होती, पण तो अमेरिकन बंदरातून अमेरिकन बंदरात नेणारे, कायद्यात बसणारे एकही जहाज नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये सूट देण्याचे नियम आणखी आवळले : संरक्षण खात्याच्या विनंतीने मिळणारी सूट लष्करी कारवाईवरच्या तातडीच्या दुष्परिणामापुरती आणि इतर प्रकारच्या सवलतींवर दिवसांची मर्यादा. सप्टेंबर २०२२ मध्ये फियोना वादळानंतर डिझेल भरलेले एक परदेशी जहाज पोर्तो रिकोच्या किनाऱ्याबाहेर थांबून राहिले आणि त्याला सूट द्यावी लागली. त्याच वर्षअखेरीस काँग्रेसने आधीच माल भरून आलेल्या जहाजाला अशी सूट देण्याची वाटच बंद केली.

दर वेळी संकट आले, दर वेळी एखाद्या जहाजाची बातमी झाली, आणि दर वेळी शेवटी कलम अधिक घट्ट झाले. सूट मागणाऱ्यांच्या मागे त्या आठवड्याचा राग असतो. सूट नाकारणाऱ्यांच्या मागे वर्षभराची संघटना असते.

वेगळे काय करता आले असते

राज्याच्या हातात होते ते आधी. मीठपुरवठ्याच्या करारात साठा कोणत्या बंदरात ठेवायचा हे लिहून घेता येते. हिवाळ्याआधी परदेशातून थेट नेवार्कला एक जादा जहाज उतरवून घेता येते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. बार्ज आणि टग यांचे हंगामी आरक्षण ऑक्टोबरमध्ये स्वस्त पडते, फेब्रुवारीत नाही. शेजारच्या राज्यांशी मिळून साठा ठेवला असता तर मेनमधल्या ढिगाऱ्याकडे पाहायची वेळही उशिरा आली असती.

संघीय पातळीवर मी एक छोटा बदल मागेन, कारण मोठा होणार नाही हे गेल्या दशकाने दाखवले आहे. 'उपलब्ध' या अटीला वेळ आणि टनभार जोडावा : अमुक इतका माल, अमुक तारखेपर्यंत. ऑस्ट्रेलियात २०१२ च्या किनारी वाहतूक कायद्याने परदेशी जहाजांना तात्पुरते परवाने मिळतात. आधी देशी जहाजांना विचारले जाते, तुम्ही हे काम उचलाल का म्हणून. भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यातही परवान्याचीच रीत होती. अशा रीतीत देशी जहाजाचा पहिला हक्क शाबूत राहतो आणि निर्णय एका खेपेपुरता राहतो. राष्ट्रीय संरक्षणाचा प्रश्न दर वेळी उकरावा लागत नाही.

बांधणीची अट काढून झेंडा, मालकी आणि खलाशी यांच्या अटी ठेवणे हा पुढचा टप्पा. खलाशांच्या संघटनांना यात मिळवण्यासारखे जास्त आहे, कारण स्वस्त जहाज म्हणजे जास्त जहाजे आणि जास्त नोकऱ्या. जहाजबांधणी कामगार आणि खलाशी आज एकाच बाजूला उभे आहेत, आणि त्यांचे हित कुठे वेगळे होते हे खलाशांपुढे आकड्यांनिशी कोणी मांडलेले मला दिसलेले नाही. बदल हवा असलेल्या राज्यांनी पुढच्या वादळाची वाट न पाहता तिथून सुरुवात करावी, उन्हाळ्यात, मिठाची गोदामे भरलेली असताना.